सच्चे आणि खोटारडे: कोडी सोडवताना या चुका टाळा

एका बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात. सच्चे नेहमी खरं बोलतात, खोटारडे नेहमी खोटं बोलतात. दोघं-तिघं भेटतात, एकेक वाक्य बोलतात आणि त्यावरून कोण कोण आहे ते आपण ओळखायचं. रेमंड स्मलियन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९७८ सालच्या आपल्या कोडीसंग्रहातून हे बेट लोकप्रिय केलं. आता स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, बुद्धिमत्ता चाचणीच्या भागात ते कुठे ना कुठे भेटतंच.

मी हाच विषय शिकवते. दरवर्षी मुलं नवी येतात आणि चुका मात्र त्याच असतात. गणित कच्चं असलेलीच मुलं चुकतात असं अजिबात नाही. इंजिनिअरिंग करून आलेली मुलं उलट जास्त आत्मविश्वासाने चुकतात, कारण वाक्य वाचून संपायच्या आत त्यांचं पेन चालू झालेलं असतं. ज्या चुकांनी मला सगळ्यात जास्त छळलंय त्यांच्यावर इथे भरपूर लिहिणार आहे. बाकीच्या ओळी-दोन ओळींत उरकते.

खोटं वाक्य म्हणजे उलटं वाक्य, हा समज

निम्म्या चुका या एकाच समजाच्या पोटी जन्मतात, म्हणून ही आधी.

अ आणि ब उभे आहेत. अ म्हणतो, “आम्ही दोघंही खोटारडे आहोत.” ब गप्प आहे. कोण काय?

सच्चा माणूस स्वतःला खोटारडा म्हणणार नाही, म्हणून अ खोटारडा. इथपर्यंत सगळे येतात. अ खोटारडा म्हणून त्याचं वाक्य खोटं, हेही सगळे लिहितात. पुढच्या ओळीत गाडी घसरते. “दोघंही खोटारडे हे खोटं, म्हणजे दोघंही सच्चे.” आता अ एकाच वेळी खोटारडाही झाला आणि सच्चाही झाला. अशा वेळी आपली आधीची पायरी तपासावी की नाही? तपासत नाहीत. हात वर करतात आणि म्हणतात, “मॅडम, कोडंच चुकलंय.”

कोडं बरोबर आहे. “दोघंही खोटारडे” हे वाक्य खोटं ठरायला दोघांपैकी एक सच्चा निघाला तरी पुरतं. अ तर खोटारडा आहेच, तेव्हा तो एक म्हणजे ब. उत्तर झालं: अ खोटारडा, ब सच्चा.

एका बॅचमध्ये गणितात खरोखर हुशार असलेला एक मुलगा होता. त्याने स्वतःसाठी एक शॉर्टकट बनवला: खोटारड्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द उलटा करायचा. ‘खोटारडे’ असेल तिथे ‘सच्चे’, ‘सच्चे’ असेल तिथे ‘खोटारडे’. हे त्याने नीट कार्ड करून बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. पुढच्या सराव परीक्षेत मला एकसारख्या चुकांचे गठ्ठेच्या गठ्ठे मिळाले. आधी बरोबर सोडवणाऱ्या मुलींनीही कार्ड वापरून उत्तरं बिघडवली होती. आणि तो मुलगा ऐकायला तयार नाही, कारण त्याच्या शॉर्टकटने आधीची काही कोडी सुटलेली होती.

मग मी त्याला फळ्याजवळ बोलावलं. “आज वर्गात सगळ्यांनी डबा आणलाय. हे वाक्य खरं की खोटं?”

“खोटं, मॅडम.”

“कशावरून?”

“मी आणलेला नाही.”

“आणि बाकीच्यांनी?”

“बाकीच्यांनी आणलाय.”

“तुझ्या कार्डाप्रमाणे मग आज वर्गात एकही डबा असायला नको.”

तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. जागेवर जाऊन त्याने ते कार्ड ग्रुपवरून काढलं. पुढे त्या बॅचमध्ये हा प्रकार सगळ्यात चांगला त्यालाच यायला लागला, कारण आपली अडचण नेमकी कुठे होती हे त्याला कळलं होतं.

त्याचा शॉर्टकट मधूनमधून का चालायचा हेही समजून घ्या. “ब खोटारडा आहे” हे खोटं असेल तर ब सच्चा. “आम्ही दोघं वेगवेगळ्या गटातले आहोत” हे खोटं असेल तर दोघं एकाच गटातले. जिथे दोनच शक्यता असतात तिथे एक गेली की दुसरीच उरते. मोजणीचे शब्द आले की हे संपतं. “सगळे खोटारडे आहेत” हे खोटं असेल तर एवढंच कळतं की किमान एक सच्चा आहे. “किमान एक खोटारडा आहे” हे खोटं असेल तर एकही खोटारडा नाही. “अ आणि ब सच्चे आहेत” खोटं असेल तर दोघांपैकी किमान एक खोटारडा, “अ किंवा ब सच्चा आहे” खोटं असेल तर दोघंही खोटारडे. “नेमका एक सच्चा आहे” हे सगळ्यात फसवं. ते खोटं असेल तर एकही सच्चा नसेल, किंवा दोन असतील, किंवा त्याहून जास्त असतील. मुलं ‘एकही नाही’ पकडतात आणि बाकीचं सोडून देतात.

माझी सवय सांगते. खोटारड्याच्या वाक्याखाली मी एक प्रश्न लिहिते: हे वाक्य मोडायला कमीत कमी काय लागेल? त्याचं उत्तर पूर्ण मराठी वाक्यात लिहिते. चिन्हं नाहीत, बाण नाहीत. वेळ जातो, जाऊ दे.

याच चुकीमुळे एक प्रसिद्ध उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या चुकीचं सांगितलं जातं. क्रीट बेटावरच्या एपिमेनिडीसचं “क्रीटचे लोक नेहमी खोटं बोलतात” हे वाक्य. बायबलच्या नव्या करारात, तीताला लिहिलेल्या पत्रातही ते आलंय. बोलणारा स्वतः क्रीटचा, म्हणून हा विरोधाभास, असं व्हिडिओंमधून बेधडक सांगतात. नीट बघा. एपिमेनिडीस खोटारडा असेल तर “सगळे क्रीटवासी खोटारडे” हे खोटं ठरलं पाहिजे, आणि त्यासाठी क्रीटमध्ये कुठेतरी एक सच्चा माणूस असला की झालं. विरोधाभास नाहीच. खरा विरोधाभास “हे वाक्य खोटं आहे” या वाक्यात आहे. ते खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं ठरतं. दोन्ही उदाहरणं एकाच पोत्यात घालू नका.

पहिलं जुळलं की थांबणं

एक माणूस सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी खोटं बोलतो, बाकीचे चार दिवस खरं बोलतो. आज तो म्हणाला, “काल मी खोटं बोललो.” आज कोणता वार?

गुरुवार, असं उत्तर लगेच येतं. गुरुवारी तो खरं बोलतो, काल बुधवार होता, त्या दिवशी तो खोटं बोलला. सगळं जुळलं, पेन खाली. पण सोमवारही जुळतो. सोमवारी तो खोटं बोलतो, रविवारी तो खरं बोललेला असतो, म्हणून “काल मी खोटं बोललो” हे खोटं वाक्य तो सोमवारी खुशाल बोलेल. उत्तर सोमवार किंवा गुरुवार. प्रश्न काढणारा पर्यायांत गुरुवार ठेवतच नाही, सोमवार ठेवतो, आणि मुलं चक्रावतात.

दुसरं उदाहरण. अ म्हणतो, “मी आणि ब एकाच गटातले आहोत.” अ सच्चा असेल तर ब सच्चा. इथे थांबणारे ‘दोघं सच्चे’ लिहून मोकळे होतात. आता अ खोटारडा धरा. वाक्य खोटं, म्हणून दोघं वेगळ्या गटातले, म्हणून ब पुन्हा सच्चाच. म्हणजे ब नक्की सच्चा आहे आणि अ बद्दल काहीच सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ हेसुद्धा उत्तर असतं. नवशिक्यांना ते हरल्यासारखं वाटतं. पर्यायांत ‘माहिती अपुरी आहे’ छापलेलं असूनही त्यांची नजर त्यावर ठरत नाही.

तिसरं. अ म्हणतो, “ब खोटारडा आहे.” ब म्हणतो, “अ खोटारडा आहे.” दोघांत खोटारडे किती? एक. तो कोण, हे कळायला मार्गच नाही आणि प्रश्नात ते विचारलेलंही नाही. तरी मुलं ‘तो कोण’ शोधत बसतात आणि परीक्षेतली मिनिटं घालवतात. काय विचारलंय ते पुन्हा वाचा.

मी कोडं सुरू करायच्या आधीच कागदावर दोन रकाने आखते. एकावर ‘अ सच्चा’, दुसऱ्यावर ‘अ खोटारडा’. पहिल्या रकान्यात सुंदर उत्तर मिळालं तरी दुसरा भरल्याशिवाय पुढे जात नाही. विसंगती आली तिथे आडवी रेघ मारते आणि खोडत नाही. खोडरबर वापरणाऱ्या मुलांना दहा मिनिटांनी विचारा, ही शक्यता का बाद केली? सांगता येत नाही, कारण पुरावाच पुसलेला असतो.

‘ऑप्शन टाकून बघायचे’ हा शॉर्टकट याच चुकीचा भाऊ आहे. पहिला पर्याय टाकला, जुळला, गोल काळा केला. दुसरा पर्यायही जुळत असेल तर? परीक्षेच्या शेवटच्या दहा मिनिटांत कोणी असं केलं तर मी काही म्हणणार नाही. शिकायच्या काळात जो हे करतो तो कोडं सोडवायला शिकत नाही. पर्याय नसलेला प्रश्न पुढ्यात आला की तो कोरा कागद देतो.

उत्तरपत्रिकेशी जुळवून घेणं

आता माझा सगळ्यात संतापाचा विषय. त्यासाठी आधी एक चांगलं कोडं.

चार जण आहेत. अ म्हणतो, “आमच्यात किमान एक खोटारडा आहे.” ब म्हणतो, “किमान दोन.” क म्हणतो, “किमान तीन.” ड म्हणतो, “चारही जण.”

ड सच्चा असूच शकत नाही, कारण मग तो स्वतःच खोटारडा ठरेल. ड खोटारडा, म्हणून किमान एक खोटारडा आहे, म्हणून अ सच्चा. क सच्चा असता तर तीन खोटारडे लागले असते, पण अ आणि क दोघं सच्चे धरले तर खोटारड्यांसाठी दोनच माणसं उरतात. म्हणून क खोटारडा. आता खोटारडे किमान दोन झाले, म्हणून ब सच्चा. अ, ब सच्चे आणि क, ड खोटारडे. एकच उत्तर, कुठेही अडत नाही. मला हे कोडं फार आवडतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या अभ्यासिकेत कुठल्याशा नोट्सच्या झेरॉक्स फिरत होत्या. त्यात हेच कोडं होतं, फक्त कोणीतरी चारांचे पाच केले होते. ई नावाचा पाचवा माणूस घातला, ड ला “किमान चार” आणि ई ला “पाचही जण” दिलं. मागे उत्तर छापलं होतं: तीन खोटारडे.

रात्री मला फोन आला. दोन मुलांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. एक म्हणत होता तीन, दुसरा म्हणत होता दोन. दोघांनी सगळ्या अभ्यासिकेला कामाला लावलं होतं. सकाळी गेले तर पंधरा-वीस वह्या माझ्यासमोर आल्या आणि बहुतेकांत तीनची ‘सिद्धता’ होती. ती अशी: ई खोटारडा, ड खोटारडा, अ आणि ब सच्चे, उरला क, तो खोटारडा, एकूण तीन, उत्तराशी जुळलं.

क काय म्हणाला होता? “किमान तीन खोटारडे आहेत.” खोटारडे तीन असतील तर क खरं बोलला. मग तो खोटारडा कसा? बरं, क सच्चा धरा. तीन खोटारडे लागतात, पण अ, ब, क सच्चे झाले, उरले ड आणि ई. तेही जमत नाही. क सच्चाही नाही, खोटारडाही नाही. कोडं मोडकं आहे, त्याला उत्तरच नाही. भांडणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकाकडे दुसऱ्याचं उत्तर खोडून काढणारा बिनचूक युक्तिवाद होता. दोन्ही युक्तिवाद शेजारी शेजारी ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

यात एक मजेदार नियम दडलाय. अशा रचनेत खोटारडे जितके, तितकी पहिली वाक्यं खरी ठरतात आणि पुढची खोटी. म्हणजे सच्चे आणि खोटारडे निम्मे निम्मे पडावे लागतात. माणसं सम असतील तर ते जमतं, विषम असतील तर कधीच जमत नाही. ज्याने चारांचे पाच केले त्याने ते स्वतः सोडवून पाहिलं नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगते. कोडं बनवून ते न सोडवता छापणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. त्यांच्यामुळे बरोबर विचार करणारी मुलं स्वतःवर शंका घ्यायला लागतात.

आता याच पाच जणांच्या कोड्यात ‘किमान’ काढून ‘नेमके’ घाला. अ: “नेमका एक खोटारडा”, ब: “नेमके दोन”, असं करत ई: “नेमके पाच”. ही सगळी वाक्यं एकमेकांना छेद देतात, म्हणून फार तर एकच खरं असेल. एकही खरं नसेल तर पाचही खोटारडे, आणि मग ई खरा ठरतो, ते चालत नाही. म्हणून नेमकं एक वाक्य खरं, चार खोटारडे, आणि सच्चा तो ड. एक शब्द बदलला आणि मोडकं कोडं धडधाकट झालं. ‘किमान’, ‘नेमके’, ‘फक्त’, ‘जास्तीत जास्त’ या शब्दांभोवती मी पेन्सिलने गोल करते. माझ्या वर्गात ते सक्तीचं आहे.

दोन्ही रकान्यांत विसंगती आली तर आधी प्रश्न पुन्हा वाचा, मग खोट्या वाक्यांचे अर्थ पुन्हा तपासा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडेल. नाही सापडली तर ‘कोडं चुकीचं आहे’ असं कारणासकट लिहा आणि छापील उत्तराला घाबरू नका.

ओळी-दोन ओळींच्या चुका

“मी खोटारडा आहे” हे वाक्य बेटावरचं कोणीच बोलू शकत नाही. म्हणून “अ मला म्हणाला की तो खोटारडा आहे” असं जो सांगतो, तो खोटारडा. हे दिसलं की तिथूनच सुरुवात करा.

“मी सच्चा आहे” हे दोघंही म्हणतील. त्यातून काहीही कळत नाही, त्यावर शाई खर्च करू नका.

तिघांनी क ला खोटारडा म्हटलं म्हणून क खोटारडा होत नाही. इथे बहुमत चालत नाही.

जो गप्प आहे तो सच्चा, असंही धरू नका.

‘ख’ आणि ‘खो’ अशी खूण करू नका. घाईत काना-मात्रा राहते आणि तुमचं तुम्हालाच वाचता येत नाही. १ आणि ० लिहा.

चोर आणि खोटारडा यांची गल्लत

चोरीची कोडी आली की मुलं चोराला आपोआप खोटारडा करतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे रकानेही वेगळे हवेत.

तिघांपैकी एकाने चोरी केली आहे आणि तिघांपैकी नेमका एक जण खरं बोलतोय. अ: “चोरी ब ने केली.” ब: “अ खोटं बोलतोय.” क: “मी चोरी केली नाही.” चोर कोण?

इथे मी कोणालाही सच्चा-खोटारडा धरत नाही. आधी एकमेकांना काटणारी जोडी शोधते. अ आणि ब यांची वाक्यं तशी आहेत, दोघांपैकी एक खरं असणारच आणि दुसरं खोटं. खरं बोलणारा एकच आहे आणि तो या जोडीत खर्च झाला. म्हणून क खोटं बोलतोय, म्हणजे चोरी क ने केली. अ सुद्धा खोटं बोललाय, पण तो चोर नाही. ज्यांनी ‘खोटारडा म्हणजे चोर’ धरलं त्यांच्या हाती दोन चोर लागतात.

आता अट बदला: तिघांपैकी नेमका एक खोटं बोलतोय. मग क खरा, पण चोर अ असेल किंवा ब असेल, ठरवता येत नाही. करून पाहा.

जर-तरची भीती

अ म्हणतो, “मी सच्चा असेन, तर ब पण सच्चा आहे.” हे वाचून मुलं सोडून देतात. कारण अ खोटारडा असेल तर या वाक्याचं करायचं काय, हे त्यांना ठरवता येत नाही.

मित्र म्हणाला, “पाऊस पडला तर मी येणार नाही.” त्याला खोटं कधी म्हणाल? पाऊस पडला आणि तरी तो आला, तरच. पाऊस पडलाच नाही तर तो येवो न येवो, त्याचा शब्द मोडत नाही. जर-तरचं वाक्य खोटं ठरायची वाट ही एकच असते: ‘जर’चा भाग खरा आणि ‘तर’चा भाग खोटा. आता अ खोटारडा धरा. वाक्य खोटं असायला ‘मी सच्चा’ हा भाग खरा लागेल, आणि तो तर खोटा आहे. जमत नाही. म्हणून अ सच्चा, आणि त्याच्या वाक्याप्रमाणे ब सच्चा.

“मी खोटारडा आहे किंवा ब सच्चा आहे” या वाक्यातून हेच उत्तर येतं, कारण अर्थ तोच आहे. ज्यांना जर-तर अवघड जातं त्यांनी असं ‘किंवा’त बदलून घ्यावं. आणि ‘तर’ वाचताना मनात ‘तरच’ वाचू नका.

पाठ केलेला प्रश्न

दोन दारं, दोन पहारेकरी, एक सच्चा आणि एक खोटारडा, प्रश्न एकच विचारायचा. उत्तर सगळ्यांना पाठ असतं: “दुसऱ्याला विचारलं तर तो सुटकेचं दार कोणतं सांगेल?” आणि जे सांगेल त्याच्या उलट दारातून जायचं. पाठ करायला माझी हरकत नाही. ते का चालतं एवढं विचारलं की शांतता होते, ही माझी तक्रार आहे. ते चालतं कारण कोणालाही विचारा, सांगण्याच्या साखळीत खोटं नेमकं एकदाच शिरतं.

मी पहारेकरी एकच ठेवते. तो सच्चा की खोटारडा माहीत नाही. पाठांतरवाले तरीही “दुसऱ्याला विचारलं तर” सुरू करतात. दुसरा कोण? इथे असं विचारावं लागतं: “डावं दार सुटकेचं आहे का, असं मी तुला विचारलं असतं, तर तू हो म्हणाला असतास का?” सच्चा सरळ सांगेल. खोटारडा आतल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणार होता, त्याबद्दल तो पुन्हा खोटं सांगतो, आणि दोन खोटी मिळून खरी माहिती बाहेर येते. ‘हो’ म्हणाला तर डावं, ‘नाही’ म्हणाला तर उजवं. उलट करायचं नाही. एवढं समजावूनही काही मुलं सवयीने उलट दार निवडतात.

तिसरा प्रकार आहे का, हे न बघणं

काही कोड्यांत मनाला येईल तसं बोलणारा तिसरा माणूस असतो. स्मलियनच्याच परंपरेत त्याला सामान्य माणूस म्हणतात. तो आला की “मी खोटारडा आहे” हे वाक्य बोलणारं कोणीतरी मिळतं, आणि ते फक्त तोच बोलू शकतो. काही ठिकाणी आलटून पालटून खरं-खोटं बोलणारा असतो. त्याच्या एका वाक्यावरून काही ठरवू नका, दोन लागोपाठची वाक्यं घ्या. प्रश्नाची पहिली ओळ नीट वाचली तर हे सगळं तिथे लिहिलेलं सापडतं.

याच प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं कोडं जॉर्ज बुलोस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलं. तीन देव आहेत, एक खरं बोलणारा, एक खोटं बोलणारा, एक मनमानी. हो-नाहीचे तीनच प्रश्न विचारून तिघांना ओळखायचं. देवांना आपली भाषा कळते, पण उत्तर ते ‘दा’ किंवा ‘जा’ असं देतात आणि त्यातला ‘हो’ कोणता हे आपल्याला माहीत नाही. विषय सुरू होऊन आठवडाही झालेला नसतो आणि मुलं याचा व्हिडिओ बघून येतात, त्यातले तीन प्रश्न घडाघडा म्हणून दाखवतात. मी विचारते, पहिल्या प्रश्नाचं काम काय? मनमानी नसलेला एक देव नक्की करणं, हे त्याचं काम. आणि तो प्रश्न एकट्या पहारेकऱ्याला विचारलेल्या प्रश्नाच्याच घडणीचा आहे. ज्याला पहारेकरी नीट कळला नाही त्याने देवांकडे जायची घाई करू नये.

सरावाला एक माझं देते. चार जण आहेत. अ: “आमच्यात किमान एक खोटारडा आहे.” ब: “अ आणि क एकाच गटातले.” क: “ड खोटारडा आहे.” ड: “ब खोटारडा आहे.” नक्की सच्चा कोण, आणि खोटारडे किती?

अ पासून सुरू करा. तो खोटारडा असता तर त्याचं वाक्य खरं ठरलं असतं, म्हणून तो सच्चा. पुढे ब सच्चा धरला तर क सच्चा आणि ड खोटारडा निघतो, सगळं जुळतं. ब खोटारडा धरला तर क खोटारडा आणि ड सच्चा निघतो, तेही जुळतं. नक्की सच्चा फक्त अ. खोटारडे एक किंवा दोन, त्याहून जास्त माहिती या चार वाक्यांत नाही.